दहापर्यंत मोजा, वैनी

“बोलते म्हणून सांगते ना तुमाला! रोज बोलते. घसा बसस्तोवर बोलते.”

“मग त्याला ऐकू कावून जात न्हाई? माझं जातं. आईचं जातं. तुमचंच तेवढं वाऱ्यावर उडून जातं व्हय, वैनी?”

“ते मला कावून इचारता? फोन तुमी बसविला. ॲप तुमी टाकलं. ‘लागला, बोला आता’ असं तुमीच म्हणलात.”

“लागलाच होता की! आबाच्या समोर लावून दाखविलता. दादाचा आवाज कसा खणखणीत येत होता.”

“येणारा येत होता, ताई. मी जाणाऱ्याचं इचारते.”

योगितानं नजर वळवली. समोर बाजेवर दैवशालाची पिशवी होती. त्यात दोन लुगडी, फणीचा डबा, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला तिच्या बापाचा फोटो. दैवशाला पिशवीचे बंद ओढून ओढून बांधत होती. बंद आखूड, पिशवी फुगलेली.

उंबऱ्यात रतनबाई सूप घेऊन उभी होती. सुपात ज्वारी होती, पण पाखडणं केव्हाच थांबलं होतं. “लेकीला कावून बोल लावतीस गं?” ती म्हणाली. “चार महिने झाले, नवऱ्याशी धड एक शब्द बोलली न्हाईस. माझ्या फोनवर दिलं तर ‘हं’. फकस्त ‘हं’! म्हशीला बोललं तर तीबी जास्त बोलती.”

“तुमच्यासमोर काय बोलू, आत्याबाई? मामा बाजेवर, तुमी शेजारी, फोनचा आवाज मोठा केलेला. ‘जेवलात का’ म्हणलं तरी कान तापत्यात.”

“अन् वाड्यामागं जाऊन बोलतीस ती कुणाशी?”

“त्यांच्याशीच!” दैवशाला पहिल्यांदा ओरडली. वाड्यातली मेंढरं दचकून एका अंगाला झाली.

भांडणाचं मूळ कालच्या फोनात होतं. रामेश्वर, म्हणजे रतनबाईचा लेक, योगिताचा भाऊ आणि दैवशालाचा नवरा, आखातात एका बांधकामावर क्रेन चालवतो. थोड्या महिन्यांच्या करारावर गेलेला तो दिवाळीला कायमचा परत यायचा होता. काल त्यानं आईच्या फोनवर सांगितलं, की आणखी दोन वर्षांच्या करारावर सही केली. रतनबाई रडली तेव्हा तो म्हणाला, “जिथं बायको तोंड उघडीत न्हाई तिथं येऊन काय करू, माय? तिला म्हणावं, माहेराला जा. माझी वाट बघू नगं.” फोनचा आवाज नेहमीप्रमाणं मोठा होता. दैवशाला चुलीपाशी होती. तिनं भाकरी तव्यावर तशीच जळू दिली.

म्हणून आज पिशवी. तिचं माहेर घाटनांदूर. दुपारची गाडी फाट्यावरून मिळते.

आणि म्हणून, दुकानातून अर्धी सुट्टी टाकून, योगिता धावत आली होती. समजूत काढायला. निदान स्वतःला तिनं तसं सांगितलं होतं.

*

योगिता हरिबाची धाकटी. हरिबा मेंढरंवाला. त्याच्या वस्तीवरून धारूरचा किल्ला दिसतो, पण त्याच्या पलीकडच्या टॉवरला डोंगराची सोंड आडवी येते, त्यामुळं तो टॉवर वस्तीला काही उपयोगाचा नाही. लहानपणी योगिता बापामागं डोंगर हिंडली. बाप या कड्यावर, लेक त्या कड्यावर, मध्ये दरी. हरिबा हाळी द्यायचा, “योगेऽऽ, हायस का गंऽऽ?” आणि तिची हाळी परत येईस्तोवर जागचा हलायचा नाही. ती मुद्दाम गप्प राहायची, बाप कासावीस व्हायचा, मग खिदळत ओरडायची. शाळेतून आली की हाच खेळ.

बारावीनंतर ती अंबाजोगाईला शिकली आणि धारूरला बद्रीनाथभाऊंच्या दुकानात लागली. कॅमेरे, वायफाय आणि इंटरनेटवरून चालणारे ऑफिसचे फोन बसवायचं दुकान. शिडीवर चढणारी पोरगी बघून लोक सुरुवातीला चहा घेऊन बघायला बसायचे. आता बसत नाहीत, आता फोन करून विचारतात, “ताई कधी येतील? त्यांनाच पाठवा.” फोन लागतो पण आवाज येत नाही, आवाज येतो पण तुटतो, एका ॲपवरून दुसऱ्या ॲपवर बोललं की घरघर होते, असल्या दुखण्यांवर योगिताचा हात बसलेला.

बद्रीनाथभाऊंनी पहिल्याच आठवड्यात एक नियम घालून दिला होता. “फोन लागला म्हंजी काम झालं असं न्हाई, योगिता. हिकडच्यानं दहापर्यंत मोजायचं, तिकडच्यानं ऐकायचं. मग तिकडच्यानं मोजायचं, हिकडच्यानं ऐकायचं. दोन्ही अंगानं दहा आले, तरच शिडी उचलायची.” योगिताला तो नियम फार आवडला. हाळी आणि परतीची हाळी. तिनं कापसाच्या जिनिंगच्या मुनीमाला मोजायला लावलं होतं, एका डॉक्टरला लावलं होतं. भगवानराव नावाच्या एका जाडजूड पुढाऱ्यानं आपल्या बंगल्यात सोफ्यावर बसून “सात, आठ, नऊ” म्हटलं होतं आणि सगळा बंगला तोंडात पदर घालून हसला होता.

मोजायला लावलं नव्हतं ते फक्त एका माणसाला.

चार महिन्यांपूर्वी रामेश्वर तिकडं पोचला. त्याच्या कॅम्पातल्या वायफायवर नेहमीचे कॉल लागत नव्हते, म्हणून योगितानं वेगळी सोय केली. एक कॉलिंगची सेवा घेतली, सगळ्यांची खाती काढली, दुकानाची गच्ची वस्तीवरून दिसते, तिथून डिश लावून वायफाय आणलं. आपल्या आणि आईच्या फोनवर तिनं एक चांगलं ॲप टाकलं. रामेश्वरच्या फोनवर त्याच्या कॅम्पात चालतं ते. दैवशालाचा फोन मात्र म्हातारा. काच तडकलेली, जागा भरलेली. त्यात दुसरं काही बसेना. शोधून शोधून एक तिसरंच, हलकंसं ॲप तिनं त्यात टाकलं. बाकी कसलीच जागा त्या फोनात उरली नाही. लिहून पाठवायचं म्हटलं तरी सोय नाही.

ओसरीवर सगळे जमले होते. हरिबा बाजेवर, रतनबाई खाली. फोन लागला, रामेश्वरचा आवाज आला, “शाला?” आणि हरिबानं फेट्याचं टोक डोळ्याला लावलं. योगिता म्हणाली, “बोला की, वैनी!” दैवशालानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. सासऱ्यासमोर नवऱ्याशी? ती खाली बघून हसली फक्त. पलीकडून रामेश्वर, “बोल की. हॅलो? बोल की गं.” सगळे हसले. योगिताही हसली. दुकानात चार कामं पडली होती. दहापर्यंत मोजा म्हणायला तिच्या ओठावर आलं होतं, पण आबासमोर वैनीला काय मोजायला लावायचं, पोरगी मेल्याहून मेल्यासारखी व्हायची, असं म्हणून तिनं आपणच फोन तोंडापाशी नेऊन भावाला सांगितलं, “दादा, तुझी बायको लाजाळू हाय रे. वर्ष लागंल तिला तोंड उघडायला.”

त्या वाक्याला सगळे हसले होते, म्हणून ती ते पुढंही म्हणत राहिली. आणि तिचा तो आवाज तरी भावाला गेला का, हे तिनं बघितलंच नाही.

*

“तीनदा सांगितलं मी तुमाला, ताई,” दैवशाला आता हळू बोलत होती. हळू बोलणं जास्त लागत होतं. “पंचमीला सांगितलं. पोळ्याला सांगितलं. म्हणलं, त्यांना माझं जात न्हाई वाटतं, जरा बघा. तुमी काय म्हणलात?”

योगिताला आठवत होतं. नसतं आठवलं तर बरं झालं असतं.

“‘आधी तोंड तर उघडा, वैनी, मग फोनला नाव ठेवा.’ असं म्हणलात.”

“मला वाटलं...”

“माझा बाप वारला तवा,” दैवशाला म्हणाली, आणि रतनबाईच्या हातातलं सूप खाली टेकलं. “माहेराहून निरोप आला. तुमी कुणी घरी नव्हता. मी फोन घेऊन वाड्यामागं गेले. पहिलं त्यांनाच सांगितलं. म्हणलं, अण्णा गेले वो. ते म्हणले, ‘बोल.’ मी म्हणलं, अण्णा गेले. ते म्हणले, ‘बोलायचं नसंल तर फोन कावून करतीस?’ अन् ठेवला.”

रतनबाई अडखळत म्हणाली, “दुसऱ्या दिवशी मीच सांगितलं त्याला. तो म्हणला, ‘तिनं मला सांगितलंबी न्हाई, माय.’ लई वंगाळ वाटलं म्हणला.”

“त्यांना वंगाळ वाटलं,” दैवशाला म्हणाली.

योगितानं हात पुढं केला. “द्या तो फोन. एकदा. गाडीला अजून वेळ हाय.”

“आता काय बघणार?”

“द्या, वैनी. पाया पडते.”

तिनं दैवशालाच्या फोनवरून आपल्या फोनवर कॉल लावला. दैवशाला म्हणाली, “हॅलो.” योगिताच्या हातात “हॅलो” लख्ख वाजलं. रतनबाईचा जीव भांड्यात पडला. “बघ! जातोय की आवाज! मी काय म्हणत होते?”

दैवशालानं पिशवी उचलून खांद्याला लावली.

“थांबा,” योगिता म्हणाली. दोन्ही फोन घरातल्याच वायफायवर होते. तिनं त्या दिवशीही, नंतरही, जेव्हा जेव्हा वैनीच्या फोनला हात लावला तेव्हा इथंच, ओसरीवर, एका छपराखाली तपासलं होतं. शेजारी बसून हाळी दिली होती आणि दरीपलीकडं पोचली असं धरून चालली होती. हे तर दुकानात पहिल्या महिन्यातल्या पोराला सांगतात.

तिनं आपल्या फोनचं वायफाय बंद केलं आणि शेताच्या बांधाकडं पळत सुटली. त्या टोकाला बोरीखाली तेवढी सिमची रेंज येते. चप्पल अर्ध्यात निसटली, ती उचलायला ती थांबली नाही. बोरीखाली पोचून तिनं वैनीला कॉल लावला.

“वैनी, माझं येतंय का? येत असंल तर हात करा.”

लांब ओसरीवर दैवशालानं हात वर केला.

“आता तुमी दहापर्यंत मोजा. मोजा, वैनी.”

वारा घराच्या दिशेनं वाहत होता. दैवशाला फोन कानाला लावून उभी होती. तिचे ओठ हलत होते. योगितानं फोन कानावर दाबला, इतका की कान दुखायला लागला. आत काहीच नव्हतं. घरघर नाही, तुटलेला शब्द नाही, श्वाससुद्धा नाही. ओसरीवर ती बाई बोलत होती, बोलत होती, एका हातानं डोळे पुसत होती, आणि योगिताच्या कानात नुसता कोरडा ठणठणाट.

दहा आकड्यांना इतका वेळ लागत नाही. तरी योगितानं फोन काढला नाही. भावानं चार महिने जे ऐकलं ते ती आत्ता ऐकत होती.

परत आली तेव्हा तिला धाप लागली होती. “मोजलंत ना?”

“न्हाई.”

“मग काय बोललात एवढं?”

“रोज बोलायची तेच,” दैवशाला म्हणाली. “तुमाला कुठं ऐकू येणार होतं.”

*

दुरुस्तीला फार वेळ लागला नाही, आणि तीच गोष्ट योगिताला खाली मान घालायला लावत होती. असं एक दुखणं तिनं जिनिंगमध्ये चहा थंड व्हायच्या आत पकडलं होतं. रामेश्वरचं ॲप आपला ठावठिकाणा सांगायचं तो कॅम्पाच्या आतला, म्हणजे वस्तीवर कुणी ‘पिंपळाशेजारचं घर’ म्हणावं तसा. वस्तीवर तेवढं पुरतं. धारूरच्या स्टँडवर उभं राहून कुणी विचारलं तर, कुठला पिंपळ? आईच्या ॲपला ते ठाऊक होतं. ते आवाज आधी मधल्या सर्व्हरच्या हवाली करायचं, आणि सर्व्हर पोचता करायचा. वैनीचं ॲप भोळं. सांगितलेल्या ठिकाणी थेट निघायचं आणि वाटेत हरवायचं; बोरीखाली सिमवर असलेल्या योगिताकडं निघालं तेव्हाही असंच हरवलं. आवाज सर्व्हरमार्फत पाठवायची सोय त्यातही होती, सेटिंगच्या तळाशी, एका रिकाम्या चौकोनापुढं.

योगितानं त्या चौकोनात खूण केली. बोट काढल्यावर काचेवर घामाचा ठसा राहिला.

“झालं?” रतनबाईनं विचारलं.

“झालं.”

“एवढंच?”

“एवढंच, आई.”

आज शुक्रवार, रामेश्वरला सुट्टी. योगितानं दैवशालाच्याच फोनवरून त्याला कॉल लावला. बराच वेळ वाजला. मग तो उचलला गेला आणि पलीकडून कंटाळलेला, आधीच हरलेला आवाज आला, “आज तरी बोलणार हायेस का?”

“दादा, मी योगिता. माझा आवाज येतोय का तुला?”

“येतोय की. फोन तर शालाचा दिसतोय.”

“वैनीचाच हाय. सेटिंगमदी जरा गडबड झालती, दादा. आता...”

तिनं वर बघितलं. दैवशाला तिच्याकडं बघत होती. रागानं नव्हे. रागानं बघितलं असतं तर परवडलं असतं. ‘गडबड झालती’ हे शब्द योगिताच्या जिभेवर खडीसारखे राहिले. गडबड आपोआप होते का? वारा येऊन करून जातो का?

“गडबड झाली न्हाई, दादा,” ती म्हणाली. “मी केली. फोन मी लावला अन् दोन्हीकडून तपासला न्हाई. वैनी रोज बोलत होत्या. तुला जात नव्हतं. त्यांनी मला तीनदा सांगितलं, अन् मी हसले.”

पलीकडून, “रोज?”

“रोज.”

“सासरे गेले त्या दिवशी?”

रतनबाई फोनवर वाकून म्हणाली, “सांगितलंतं रे तिनं. तुला पहिलं सांगितलंतं.”

“माय गं,” रामेश्वर म्हणाला. “मी ठेवला फोन. मी ठेवलता की त्या दिवशी.”

इतका वेळ वाड्याच्या कडेला कोकराला पाला घालत बसलेला हरिबा उठला. काही ऐकलंच नाही असं दाखवत तो ओसरीपाशी आला, घसा खाकरला आणि बायकोला म्हणाला, “रतन, चल. मेंढरं पाण्यावर न्यायचीत.”

“आत्ता? उन्हात?”

“चल म्हणतो ना.”

रतनबाईनं नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं, मग सुनेकडं, आणि मुकाट सूप कोनाड्यात ठेवून चालू लागली. या घरात सून बोलावी म्हणून सासरा उठून गेला, असं पहिल्यांदा घडत होतं. योगिताही उठणार होती. पण आपण उठलो आणि आवाज पुन्हा गेला तर, या भीतीनं ती खांबाला धरून उभी राहिली.

फोन दैवशालाच्या हातात होता.

“शाला,” रामेश्वरचा आवाज आला. “आता येतंय म्हणं ऐकू. बोल. कायबी बोल. शिव्या दे. सही केली मी काल, ती फिरत न्हाई म्हणत्यात, पण साहेबाच्या हातापाया पडून बघतो. तू जाऊ नगंस. हॅलो? बोल की गं.”

‘बोल की गं.’ चार महिन्यांपूर्वीचं तेच वाक्य. तेव्हा ओसरी हसली होती.

दैवशालाचे ओठ जरा हलल्यासारखे झाले. मग दैवशालानं फोन कानापासून काढला आणि बाजेवर उताणा ठेवला. फार जपून, कुणी निजलंय आणि जागं होऊ नये अशा बेतानं. पिशवीचा बंद खांद्यावर सारखा केला. बापाचा फोटो वर आला होता, तो आत सरकवला.

“वैनी, एक शब्द,” योगिता म्हणाली. “माझ्यासाठी नगं. त्याच्यासाठी बोला. आता पोचतंय.”

पायऱ्यांवर चप्पल वाजली. बांगड्या वाजल्या. फाटकाची कडी निघाली आणि परत लागली.

“कोण चाललंय?” बाजेवरून रामेश्वर विचारत होता. “योगे, पावलं वाजत्यात. मला ऐकू येत्यात. कोण चाललंय?”

योगिता खांबाला धरून उभी होती. फाट्याच्या वाटेवर पदर डोक्यावर घेतलेली दैवशाला एकसारख्या पावलांनी लांब होत गेली. तिनं मागं बघितलं नाही.